बिनजोडाची अंगठी

माझ्या नवऱ्याची आत्या जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून द्यायची. तळमजल्यावर तिचं वर्कशॉप आणि वरच्या दोन खोल्यांत घर. भाऊ-भावजय लवकर गेले, तेव्हा भाच्याला तिनेच पदरात घेतलं आणि वाढवलं. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले. तोंडात खिळे धरूनच तिने मला "बस" म्हटलं. बसणार कशावर? तिथल्या एकूण एक खुर्चीची स्प्रिंग बाहेर आलेली.

मला दागिन्यांचा भारी सोस. तिच्यासारखं आमचंही घर ज्यूच, पण नावापुरतं. कुठला दागिना कशासाठी, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आत्याने माझी नजर ओळखली आणि कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात चांदीचा पंजा होता, मधोमध निळा डोळा असलेला. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून तो गळ्यात घालायचा. तिच्या आईचा सहा टोकांचा तारा होता, टोकं झिजून गुळगुळीत झालेला. डाळिंबाची कानातली होती. डाळिंबात दाणे असतात तितकी चांगली कामं हातून घडावीत, असा त्यांचा अर्थ. आणि आत्याच्या गळ्यात दोन अक्षरांचं सोन्याचं पदक असे. ज्यूंच्या जुन्या भाषेतली ती दोन अक्षरं एकमेकांना टेकून उभी होती. उच्चार ह आणि ख यांच्या मधला, साधारण ‘हाय’ असा.

"आपण म्हणतो, अमक्याने हाय खाल्ली," आत्या म्हणाली. "आणि पूर्वजांच्या भाषेत हाय म्हणजे जिवंत. त्यामुळे मी हाय खात नाही, गळ्यात घालते."

मी धीर करून विचारलं, की माझ्या लग्नाच्या अंगठीत एखादा खडा बसवता येईल का. तिने स्वतःचा हात पुढे केला. तिच्या बोटात साधं सोन्याचं वळं होतं. नक्षी नाही, खडा नाही, कुठे भोक नाही. लग्नाची अंगठी अशीच लागते, असं तिने समजावलं. खड्याची किंमत कुणालाही फसवू शकते, साध्या सोन्याची नाही. शिवाय ती नवऱ्यामुलाच्या स्वतःच्या मालकीची हवी, आणि संसाराला जसा मध्येच खंड नको, तसा तिलाही नको. मी मान डोलावली, पण मनातून जरा हिरमुसलेच. आत्याची अंगठी लग्न झाल्यापासून बोटातून निघाली नव्हती. नवरा गेल्यावरही नाही.

लग्न तोंडावर आलं असताना एका जुन्या आरामखुर्चीचं अस्तर फाडताना आतून गांधीलमाशी निघाली आणि नेमकी त्याच बोटाला डसली. आत्याने बोटावर ओला फडका गुंडाळला आणि कामाला लागली. तासाभरात बोट टरारून सुजलं, अंगठी मांसात रुतली, टोक निळं पडायला लागलं. आम्ही दोघांनी तिला जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेलं.

नर्सने साबण लावून पाहिला, तेल लावलं, दोरा गुंडाळून ओढून पाहिलं. अंगठी हलेना. डॉक्टरांनी येऊन पाहिलं आणि अंगठी लगेच कापा म्हणून सांगितलं. आत्या हात मागे घ्यायला लागली. अजून एकदा साबण लावा, असं ती म्हणत राहिली. तिचा भाचा तिच्यापुढे कधी आवाज चढवत नसे. तो नुसता भिंतीकडे बघत उभा होता. तेव्हा नर्सने स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसली.

"मावशी," ती म्हणाली, "अंगठी पुन्हा करता येते. बोट मला करता येत नाही."

आत्याने माझा हात धरला आणि मानेनेच होकार दिला. नर्सने छोट्या चकतीच्या करवतीने अंगठी कापली. बोटात हळूहळू रंग आला. सुई धरायचा हात वाचला.

पण घरी आल्यावर तोंड उघडलेली अंगठी तिने बशीत ठेवली आणि बशी खिडकीत. जेवायची, कामही करायची, पण विचारलं तेवढंच बोलायची. शेवटी मीच तिला सोनारीणबाईंकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, झाळून सांधून देते, डोळ्यांना जोड दिसणारसुद्धा नाही.

"मला माहीत असेल ना," आत्या म्हणाली.

सोनारीणबाईंनी जरा विचार केला. "आटवली तर जोड राहणार नाही. पण मग ती तुमची जुनी अंगठी राहत नाही, ताई. नवीच होते."

आत्या अंगठी उचलून निघाली. वाटेत मला वाटलं, आपण तिला उगाच त्रास दिला.

दोन-तीन दिवसांनी आम्ही तिच्याकडे बसलो होतो. एका कोचाचं कापड बेतता बेतता तिने कात्री खाली ठेवली, बशी आणली आणि अंगठी भाच्याच्या तळहातावर ठेवली.

"ही आता तुझी. मी परत मागणार नाही. आटव आणि हिच्यासाठी कर."

तो नको नको म्हणायला लागला. तुमच्यापाशी काय राहील, असं मीही म्हटलं. तिने ते बोट दोन-तीनदा वाकवून दाखवलं. "हे राहिलं की," ती म्हणाली, आणि पुन्हा कापडाकडे वळली. वाद घालायची आमची टाप नव्हती. बाहेर जिन्यापाशी येऊन तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. आई-बाप गेल्यापासून तिने त्याला काहीही दिलं, तरी हातासरशी दिलं होतं, बोलून दाखवलं नव्हतं.

अंगठी आटवताना आम्ही तिघंही दुकानात होतो. मुशीत ती आधी लाल झाली, मग वाकली आणि बघता बघता तिचा लुकलुकता थेंब झाला. आत्याने पदक मुठीत धरलं आणि आभाराचे दोन शब्द पुटपुटली. निवल्यावर सोनारीणबाईंनी त्या गोळीची चकती केली, मधोमध भोक पाडलं आणि सळईवर घालून ठोकत ठोकत वाढवत नेली. जोड द्यायची वेळच आली नाही. मापासाठी मी अनामिका पुढे केली, तर आत्या हसून म्हणाली, उजव्या हाताची तर्जनी दे, लग्नात अंगठी त्या बोटात घालतात, सगळ्यांना दिसावी म्हणून. किती दिवसांनी हसली होती ती.

लग्नाला तिने त्या नर्सलाही बोलावलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. नवरा इतक्या घाईने अंगठी घालायला गेला, की ती माझ्या पेरावरच अडकली. मागून आत्याचा आवाज आला, "सावकाश, आता साबण नाहीये इथे." सगळ्यांत मोठ्याने नर्स हसली. विधी आटोपल्यावर ती माझ्याजवळ आली, अंगठी गोल फिरवून बारकाईने बघत राहिली आणि मग आत्याच्या गळ्यात पडली.

त्यानंतरच्या आठवड्यात आत्याने दवाखान्यात टेम्पो पाठवला आणि नर्सच्या खोलीतली मोडकी खुर्ची उचलून आणवली. मी गेले तेव्हा ती तिच्यात नवा काथ्या भरत होती. मी म्हटलं, आत्या, मला तुमचे आभार मानायचेत. तिने खुर्चीच्या कापडाचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"मग हे ताणून धर," ती म्हणाली. "ती दिवसभर उभी असते गं. बसेल तेव्हा तरी बरं वाटू दे."