हिरव्या जाळीखालची हळद

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे, ते अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कोणी खरं मानणार नाही. नका मानू. मीही मानलं नसतं, पण काय करू, सगळं माझ्याच तोंडावर घडलं.

मी एक जुना मॉनिटर आहे. संगणकाचा पडदा. सध्या मुक्काम सेलूच्या एका भंगाराच्या दुकानामागे. वर आभाळ, खाली एक गंजका कूलर, त्याच्या छातीवर मी. या कूलरचा पंखा कधीच बंद पडला, तोंड मात्र चालू आहे. "सांग बे, सांग," तो म्हणतो, "इथी कोणाले घाई हाय?" म्हणून सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. पुढे काच बसवली, पाठीमागे दिवे लावले आणि थर्माकोलात गुंडाळलं. शिकवण एकच दिली होती : समोर येईल ते जसंच्या तसं दाखव. नागपूरहून मला कैलासने आणलं. एस.टी.त एकच जागा मिळाली, तर या गड्याने मला मांडीवर घेतलं आणि बायकोला, मंजुषाला, सेलूपर्यंत उभं ठेवलं. ती हे अजून विसरलेली नाही.

कैलासचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. लग्नात जाऊन चित्रण करायचं आणि मग माझ्यासमोर बसून एकेक तुकडा जोडायचा. त्या तुकड्याला ते क्लिप म्हणतात. आता हळद होते सकाळच्या उन्हात, लग्न लागतं मांडवात आणि रिसेप्शन असतं लाइटखाली. एकाच नवरीचा चेहरा तीन ठिकाणी तीन रंगांचा. तो सगळीकडे एकसारखा दिसावा म्हणून रंग जुळवायचे, हेच आमचं खरं काम. सुरुवातीला कैलास ते जीव लावून करायचा. आधी प्रत्येक क्लिप आपापल्या जागी सरळ करायची, इथला लाल उतरव, तिथला निळा चढव. सगळ्या सरळ झाल्या की मगच सर्वांवर मिळून एक हलका रंग द्यायचा. पाहणारे म्हणायचे, "वा रे कैलास! सारं लगन एकाच उजेडात लागल्यावानी वाटते."

आणि माझी तर काय तारीफ व्हायची! हिरवी मिरची माझ्यावर आली की कैलासला शिंका यायच्या. एकदा पंगतीतली वांग्याची भाजी मी अशी दाखवली, की रस्त्यावरचं कुत्रं आत येऊन माझी काच चाटून गेलं.

"टेबलावर चढलं का बे कुत्रं?" कूलरने विचारलं.

चढलं. म्हटलं होतं ना, कोणी खरं मानणार नाही.

पण मित्रांनो, दिवे म्हातारे होतात. माझ्या पाठीमागचा उजेड मंदावला आणि पांढरं ते पिवळसर दिसू लागलं. इतकं हळूहळू, की रोज पाहणाऱ्याला कळूच नये. मंजुषाला कळलं. "अवो, याले बदलवा आता," ती म्हणाली, "नवरदेवाचं पांढरं धोतर वरणात बुडवल्यावानी दिसून राह्यलं."

"तुले काय समजते त्यातलं? माह्या डोळ्याले सवय हाय," कैलास म्हणाला. ज्या फडक्याने तो गाडीची सीट पुसायचा, त्याच फडक्याने आता माझं तोंड पुसू लागला. कधी पुसलं तर.

अशात हिंगणीच्या मोहिनीचं लग्न आलं. तिचे वडील चंद्रभान भाजीपाला करणारे. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं सेलूच्या बाजारात यायचं. आई कुसुमबाई. सारा जन्म वावरात गेलेला. रंग काळासावळा, उन्हाने भाजलेला, तोंडभर बारीक सुरकुत्या. कोणी फोन समोर धरला, की त्यांचा पदर तोंडावर. "मले नोको काढू वं, मी काय पाह्यासारखी हावो?" त्यामुळे घरादाराचे ढीगभर फोटो, पण कुसुमबाई हसताहेत असा एकही नाही.

हळदीसाठी चंद्रभाननी मांडव भाड्याने आणला नाही. रोपांवरची हिरवी जाळी सोडली आणि अंगणावर ताणली. "रोपाले सावली होते, तं पोरीले होणार नाई का?" सावली झाली, पण त्या जाळीखाली माणसं हिरवी झाली. नवरी कैरीसारखी, हळद पोपटासारखी. आणि त्याच हिरव्या उजेडात, मुलीच्या गालाला हळद लावताना, कुसुमबाई कॅमेरा विसरल्या आणि खळखळून हसल्या. पदर खांद्यावर, पुढचा एक दात पडलेला, डोळे मिटलेले. मित्रांनो, मी शेकडो नवऱ्या पाहिल्या. असं हसणं एकदाच पाहिलं.

लग्नसराई जोरात होती. नवऱ्या मुलाचे मामा प्रभाकरराव नाचणगावहून येऊन दुकानात ठाण मांडून बसले. "भाऊ, नवरी जरा उजळ दिसली पाह्यजे. आमच्याकडचे लोकं पाह्यतीन. अन् सारं एकसारखं. इथी काळी, तिथी गोरी, असं नाई चालत."

"होते ना, मामाजी."

कैलासने स्टेजवरची क्लिप घेतली. तिथे पांढरे झगझगीत लाइट, नवरीला मेकअप. तरी त्याने उजेड वाढवला. माझ्यावर पिवळं दिसलं म्हणून निळा ओतला. आणखी ओतला. मामा म्हणाले, "आता जमलं." मग कैलासने तो रंग उचलला आणि एकही क्लिप आधी सरळ न करता, एका झटक्यात सगळ्या लग्नावर चिकटवून दिला. हळदीवरसुद्धा. जाळीचा हिरवा राहिला, तो ओरबाडून काढला. झालं लग्न एकसारखं!

मंजुषा मागे उभी होती. "अवो, मोहिनीची माय इतकी गोरी कुठी हाय?"

"उपकार समज म्हणावं तिले," कैलास हसला, "उभ्या जन्मात गोरी झाली नसती, मी केली."

मामा हसले. मंजुषा हसली नाही.

खरं सांगायचं तर माझ्यावर ते वाईट दिसत नव्हतं. मी मंद, मी पिवळा. त्याने ओतलेला उजेड आणि निळा मी माझ्या म्हातारपणात गिळून टाकत होतो. माझ्यावर कुसुमबाई अजून कुसुमबाईच होत्या. पण हिंगणीला घरच्या टी.व्ही.वर पेनड्राइव्ह लावला, तेव्हा पडद्यावर एक पांढरीफटक बाई आली. ओठ निळे, सुरकुत्या गायब, चेहरा चुना फासल्यासारखा. कुसुमबाई टी.व्ही.जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "हे कोन व्हय वं?" सगळे पोट धरधरून हसले.

दिवाळीच्या आधी कुसुमबाई तापाने गेल्या.

मोहिनी दुकानात आली ती वडिलांना घेऊन. "कैलासदादा," ती म्हणाली, "मले माय पाह्यजे, जशी होती तशी. ते एकदाच हासली, हळदीत. अन् टी.व्ही.वर ते हासते तं मले भेव वाटते, दादा. आंगणात निजवली होती ना आखरीले, तशी दिसते."

कैलास खाली पाहू लागला. मूळ क्लिप राहिल्याच नव्हत्या. लग्नसराईत संगणकात जागा कमी पडली, म्हणून त्याने पुसून टाकल्या होत्या. कॅमेऱ्याच्या कार्डावर तर केव्हाच दुसऱ्याची वरात चढली होती.

"म्हणजे," चंद्रभान सावकाश म्हणाले, "माह्या बायकोचं हासणं पुसलं तुनं?"

 हाताला चाळा म्हणून कैलासने तयार फिल्म माझ्यावर लावली. हिरव्या जाळीखालची हळद आली. आणि मोहिनी ओरडली, "हे! हेच माही माय!" तिने माझ्या काचेवर तळहात ठेवला. चंद्रभाननी टोपी काढली. माझ्यावर कुसुमबाई सावळ्या होत्या, सुरकुत्यांसकट हसत होत्या.

कैलासला तेव्हाच कळलं. मी पाहत होतो त्याच्याकडे. त्याला कळलं की मी पिवळा पडलोय आणि माझ्या भरवशावर त्याने कितीतरी लग्नांत जिवंत माणसं पांढरी केली आहेत. पण तीच फिल्म, काडीचाही फरक न करता, पुन्हा पेनड्राइव्हवर भरली आणि म्हणाला, "घ्या ताई, नीट करून देल्ली."

घरी लावली, तर पुन्हा तीच पांढरी बाई. मोहिनी उलट पावली आली. "दादा, तुमच्या इथी बराबर दिसते, अन् घरी काऊन नाई?"

आता लपवायला जागा नव्हती. "ताई, हा मॉनिटर बिघडलेला हाय."

"मंग हा बिघडलेलाच द्या मले," मोहिनी म्हणाली.

 मंजुषाने कैलासकडे पाहिलं, कैलासने माझ्याकडे. आणि मित्रांनो, पुढे काय झालं ऐका! कैलासच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझी वायर स्वतः काढली, नव्या फडक्याने माझं तोंड पुसलं, मला शालीत गुंडाळलं आणि मोहिनीच्या ओटीत दिलं. तिने मला वाजतगाजत हिंगणीला नेलं, देवघराशेजारी पाटावर बसवलं. आता रोज संध्याकाळी चंद्रभान वावरातून येतात, हातपाय धुतात आणि माझ्यासमोर बसतात. मोहिनी माहेरी आली की तीही बसते. हिरव्या जाळीखाली कुसुमबाई हसतात, आजही, रोज, त्यांच्या खऱ्या रंगात. आणि बोर धरणाकाठचे मोर माझ्या काचेवरचा तो रंग पाहायला अंगणात येऊन थांबतात.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी सांगतो. सगळं एकसारखं करण्याच्या नादात एकाचा रंग दुसऱ्याच्या तोंडावर ओतू नका. मूळ ते पुसू नका. आणि आमच्यासारखी जुनी वस्तू पिवळी पडली म्हणून तिला उचलून भंगारात...

"थांब बे," खालून कूलर म्हणाला. "देवघराजवळ बसवलं म्हणतं, रोज संध्याकाळी हिंगणीले दाखवतो म्हणतं. मंग तू इथी माह्या छातीवर काऊन पडून राह्यला?"