खांद्यापर्यंत अमेरिका

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. जन्मलो तेव्हा काळा होतो, आता करडा झालो आहे. कोपरांवर विरलो आहे आणि माझं मधलं बटण लाल आहे. ते माझं नव्हे. त्याची गोष्ट पुढे येईलच. पण एक सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही जरा सावरून बसाल. मी जितक्या वेळा अमेरिकेला गेलो, तितक्या वेळा एखादं विमानही गेलं नसेल. फक्त दर वेळी खांद्यापर्यंतच गेलो.

माझा जन्मही तिथलाच. एका थंड गावातल्या शिंप्याने मला शिवलं. माझा पहिला मालक इतका उंच होता की त्याच्या टोपीवर बर्फ पडायचा आणि बुटांपाशी पोहोचेपर्यंत त्याचा पाऊस व्हायचा. लग्न असो, मयत असो, तो मला अंगात घालूनच जायचा. पुढे त्याला जेवणाची गोडी लागली आणि माझी बटणं त्याच्या पोटाला पुरेनात. मग कपाट, मग डांबराच्या गोळ्या, मग एका भल्यामोठ्या गाठोड्यात कोंबून जहाज. वाटेत माझ्या एका बाजूला न्हाणीचा झगा होता आणि दुसऱ्या बाजूला मुलांची विजार. दोघंही रात्रंदिवस रडत होती.

गाठोडं घानात, कुमासीच्या बाजारात फुटलं. तिथे आमच्यासारख्यांना काय म्हणतात ठाऊक आहे? ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’! इतका धडका कपडा जिवंत माणूस कशाला टाकेल, असा त्यांचा साधा हिशेब. मला भारी राग आला. अरे, मेला नाही तो, जाडा झाला! पण कोटाचं ऐकतो कोण?

ऐकलं ते अनाने मामाने. म्हणजे कान देऊन नाही, हात फिरवून. त्याने माझं अस्तर चाचपलं, कॉलर उलटून पाहिली आणि म्हणाला, “चल बाबा, तुला माणसांत घेऊन जातो.” त्या एका वाक्यासाठी मी आजही त्याचा ऋणी आहे.

टेचिमान गावात, कोनफळांच्या बाजाराला लागून मामाचा फोटो स्टुडिओ आहे. एक कॅमेरा, एक पांढरी चादर, एक स्टूल आणि एक मी, एवढाच संसार. फोटोला येईल त्याच्या अंगावर मामा मला चढवी. माणूस सडपातळ असला तर पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावी. समोरून पाहावं तर साहेब, मागून पाहावं तर दोरीवरचं धुणं!

आता मुख्य गोष्ट. दर वर्षी ऑक्टोबर उजाडला की अमेरिका एक सोडत काढते. जगभरातून अर्ज मागवते आणि त्यातून काही थोड्यांना तिकडे येऊन राहायची वाट उघडते. ज्या देशांतून तिकडे माणसं कमी गेली, त्यांच्यासाठी ही सोडत. मित्रांनो, तुमच्या देशातून आधीच इतकी माणसं गेलीत की तुमचं नाव या यादीत नाही. म्हणून हे कौतुक तुम्ही माझ्याकडूनच ऐकलेलं बरं.

अर्जाला फोटो लागतो. पांढरी पाठ, सरळ मान, खांद्यापर्यंत. म्हणजे मी लागतो! एका वर्षी मला घालून फोटो काढलेली एक नर्स त्या सोडतीत निघाली आणि गावभर झालं, की कोट नशीबवान आहे. पलीकडच्या स्टुडिओवाल्याने मखमलीचा कोट आणला, पण लोक म्हणाले, “मखमल लग्नाला. अमेरिकेला अनानेचाच.” मामाच्या दारात रांग लागायची ती कोनफळांच्या ढिगांना वळसा घालून थेट बसस्थानकापर्यंत.

निवृत्त झालेले अमोआको मास्तर स्टुडिओच्या कोपऱ्यात संगणक मांडून अर्ज भरून द्यायचे आणि रांगेला बातम्या सांगायचे.

“नुसती डोकी मोजली तर आपण घानावाले कुणाला हार जात नाही. उझबेकिस्तान आहे, नेपाळ आहे, इजिप्त आहे, तसे आपणही आहोत. पण घरटी मोजलं तर लायबेरिया आणि सिएरा लिओन भारी पडतात.”

“लायबेरिया? एवढासा देश?” रांगेतून कुणीतरी ओरडायचं. “फुटबॉलात हरलो असतो तर चाललं असतं!”

“अर्ज करण्यात कसली हार-जीत रे?”

“मास्तर, तुम्ही अर्ज भरा. इज्जतीचं आम्ही बघतो.”

मास्तरांना जे रेडिओवरून कळायचं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फोटो पाठवले की आम्ही सगळे एका यंत्राच्या पोटात जातो. शप्पथ! तिथे जगभरचे कोट, शर्ट, ब्लाउज खांद्याला खांदा लावून उभे असतात. काठमांडूचा एक कोट मला थोरला भाऊ मानून म्हणाला, “दाजू, आमच्याकडे डोंगर उतरून माणसं फोटोला येतात. मला दिवसभर खुंटीच दिसत नाही.” ताश्कंदचा म्हणाला, “आमच्या गल्लीत अर्ज न केलेला एकच माणूस आहे, आणि तोही रांग संपायची वाट बघतोय.” लायबेरियाचा कोट अंगाने काडी, पण आवाज ढोलासारखा. “तुमची गर्दी मोठी असेल! आमच्याकडे कोंबड्या तेवढ्या अर्ज करायच्या राहिल्यात!” आणि कोपऱ्यात एक जपानी कोट, कडक इस्त्रीचा, एकटाच. आपण चुकून दुसऱ्याच रांगेत शिरलो की काय, म्हणून बिचारा सारखा मागे वळून पाहत होता.

बोलता बोलता एक गंमत कळली. आमच्यातले कितीतरी जण तिकडचेच होते! ज्यांनी आम्हाला टाकलं, त्यांच्याच दारात आम्ही नवी माणसं घेऊन उभे होतो. आम्ही पोट धरून हसलो. पोट फोटोत आलं नव्हतं, तरीही.

असो. त्या लाल बटणाच्या वर्षाकडे येतो.

सोडतीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला अर्ज बंद. दुपारी पोकुआ आली. कोनफळांच्या बाजाराची जी राणी, तिची ही मुलगी. आमच्याकडे बाजारात ज्या त्या मालाची एक राणी असते. भाव ती ठरवते, भांडणं ती मिटवते आणि फारच कंटाळा आला तर एखादं लावूनही देते. राणीबाई मुलीच्या मागोमाग आल्याच.

पोकुआचा फोटो झाला. मास्तरांनी अर्ज उघडला. “लग्न झालंय?”

“नाही,” राणीबाई म्हणाल्या.

“हो,” पोकुआ म्हणाली.

सगळ्या रांगेने माना लांब केल्या. कुणी शेंगदाणेही चावेना.

“अगं, चर्चमधलं लग्न ईस्टरला आहे!” राणीबाई कडाडल्या. “पांढरा झगा अजून शिवायचाय. झग्याशिवाय कसलं लग्न? मास्तर, लिहा, अविवाहित.”

“आई, याव गेला महिनाभर माझ्या हातचं कोनफळाचं फुफू खातोय.”

“फुफू तर शेजारीपण खातात!”

मास्तरांनी चष्मा काढला. “राणीबाई, मुलाकडून मानाच्या दारूच्या बाटल्या आल्या होत्या का? तुमच्या भावांनी घेतल्या का? उघडून प्यायल्या का? प्यायल्या असतील तर लग्न झालं. आपल्या बापजाद्यांनी मानलं तेच सरकारही मानतं. नवरा असताना नाही म्हणून लिहिलं आणि ही सोडतीत निघाली, तर पुढे विचारतील तेव्हा सगळंच जाईल. आणि निभावलंच, तर ही तिकडे आणि याव इकडे. कोण जाणे किती वर्षं!”

पोकुआचे डोळे भरून आले. “मला त्याच्याशिवाय जायचंच नाही, मास्तर. त्यापेक्षा अर्जच नको.”

“बाटल्या आल्या होत्या,” राणीबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. “पण बंद होत्या. कोपऱ्यात ठेवल्यात. कोणी थेंब चाखला नाही.”

याव त्या वेळी कोनफळं भरलेल्या लॉरीवर होता, आणि लॉरी तुओबोडोमच्या रस्त्यावर बंद पडून होती. विवाहित लिहायचं तर त्याचाही फोटो हवा, आणि तोही पाचच्या आत. राणीबाईंना हे सगळं ठाऊक होतं. लेकीची संधी हुकू नये, म्हणून ती माउली खोटं बोलत होती. हे मलाही कळत होतं. पण मी कोट, काय बोलणार?

पण मित्रांनो, बोललो मी! मामाने मला पोकुआच्या अंगावरून काढलं, माझी डावी बाही उचलली आणि उजेडात धरली. बाहीवर एक फिकट डाग होता.

“राणीबाई, बाटल्या आल्या त्या दिवशी यावचा मामा माझ्याकडून भाड्याने नेलेला हाच कोट घालून तुमच्या शेजारी बसला होता. तो सांगत होता, तुम्ही कसल्याशा विनोदावर इतक्या हसलात, की तुमचा पेला याच्या बाहीवर हिंदकळला. बंद बाटलीतून सांडलं का हो ते?”

राणीबाईंनी डागाकडे पाहिलं, मग मुलीकडे. आणि त्या अशा हसल्या, की बाहेर कोनफळांचा एक ढीग घसरला.

“मेल्या अनाने! भाड्याने कोट देतोस की हेर पाठवतोस? मास्तर, लिहा. विवाहित. आणि अनाने, तू काढ तुझी फटफटी. माझा जावई पाचच्या आत आणायचाय!”

“जावई नाही आणायचा, राणीबाई. कोट तिकडे न्यायचा. लॉरीला वेळ लागेल, कोटाला नाही,” मामा म्हणाला.

फटफटीवर पुढे गळ्यात कॅमेरा अडकवलेला मामा, मध्ये पोकुआ, मागे राणीबाई. त्यांच्या मांडीवर मी आणि पांढरी चादर. वाऱ्याने चादर अशी फुगली, की तीन खेड्यांतल्या माणसांना वाटलं, रस्त्याने शिडाचं जहाज चाललंय. आम्ही जमिनीला टेकलो ते फक्त दोन वळणांवर. विश्वास नसेल तर राणीबाईंना विचारा. त्या तर एकाच वळणावर म्हणतात.

लॉरीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: ‘घाई कशाला’. मामाने नेमकी त्याच्यावर चादर बांधली. याव लॉरीखालून बाहेर आला. अर्धी चड्डी, अंगाला माती, गालाला ग्रीस.

“सासूबाई! काय झालं? कोण गेलं?”

“कोणी गेलं नाही. तुम्हीच जायचंय. तोंड पुसा!”

पोकुआने अंगावरच्या कापडाच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं. मामाने मला त्याच्या अंगात कोंबलं. कोनफळं उचलून उचलून झालेले ते खांदे, मित्रांनो! माझी शिवण न् शिवण कुरकुरली.

“श्वास घेऊ नकोस,” मामा म्हणाला.

“किती वेळ?”

“फोटो होईपर्यंत.”

पण पोकुआ त्याच्याकडे बघून हसली. यावने श्वास घेतला आणि माझं मधलं बटण बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं. त्याच क्षणी मामाने कळ दाबली. वर बघावं तर कचेरीतला मोठा अधिकारी, खाली अर्धी चड्डी आणि माती. पण खालचं अमेरिकेला कोण दाखवतंय?

आम्ही परत उडालो. पाच वाजायच्या आत मास्तरांनी दोन्ही चेहरे शेजारी शेजारी बसवले आणि अर्ज गेला. रांगेने टाळ्या वाजवल्या. राणीबाईंनी आपल्या ब्लाउजचं एक लाल बटण दाताने तोडलं आणि माझ्या छातीवर शिवलं. “साक्षीदाराला उघडं ठेवू नये,” म्हणाल्या.

मे महिन्यात निकाल लागला. पोकुआ निघाली होती! पुढे मुलाखतीत दोघांना लग्नाचं वेगवेगळं विचारलं. दोघांनी एकच उत्तर दिलं, कारण घडलं तेच सांगायचं होतं. निघायच्या दिवशी बसपाशी मामाने मला घडी घालून पुढे केलं. “घेऊन जा पोरी. तिकडे बर्फ असतो.”

पोकुआने मला गालाला लावलं आणि परत दिलं. “नको मामा. अजून किती जणांचे चेहरे व्हायचेत.”

बस गेली, सोडतीचा हंगामही गेला आणि मी पुन्हा खुंटीवर. वर्षाचे अकरा महिने मी बहुतेक तिथेच असतो. धूळ बसते, कोळी जाळं विणतो, पण कुरकुर कशाची? उरलेल्या एका महिन्यात मी सगळ्या गावाचा असतो. एकदा यावचा फोन आला.

“मामा, तेव्हा उचलून ठेवलेलं तुमचं काळं बटण त्या अर्ध्या चड्डीच्या खिशात सापडलं! पाठवू का?”

“राहू दे,” मामा म्हणाला. “त्याच्या गावीच आहे ते.”

खरंच होतं. माझा एक तुकडा पुरतेपणी घरी पोहोचला होता.

तर मित्रांनो, तुम्ही नव्या कपड्यांवर प्रेम करता, ते ठीकच आहे. पण जुन्याला टाकताना जरा थांबा. द्यायचाच असेल तर धुऊन द्या, उसवलेलं शिवून द्या, बटण लावून द्या. तुमचं आयुष्य झालं म्हणून त्याचं संपत नाही. मला ज्याने शिवलं, ज्याने टाकलं आणि ज्याने उचललं, त्या तिघांचाही मी आभारी आहे.

परवा पुन्हा ऑक्टोबर आला. मामाने मला झटकलं, दार उघडलं, तर रांगेत पहिल्याच राणीबाई!

“काय हो, तुम्हीही निघालात?” मास्तर म्हणाले.

“माझी कोनफळं तुम्ही विकणार का? फोटो काढायचाय फक्त. पोर रोज विचारते, आई, थंडीत काय घालतेस? इथे घामाच्या धारा! पण तिला वाजते ना, तिला वाटतं साऱ्या जगाला वाजते. म्हटलं, दाखवावं, आईने कोट घातलाय.”

मामाने मला त्यांच्या अंगावर चढवलं. एकही चिमटा लागला नाही. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला आणि तो मागे सरकला. दार ओलांडून रस्त्यावर गेला आणि आणखी मागे, थेट कोनफळांच्या ढिगापर्यंत.

“अरे, कुठे चाललास?” राणीबाई ओरडल्या. “खांद्यापर्यंतच हवा ना?”

“तो सरकारला,” मामा म्हणाला. “हा लेकीला.”

आणि मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदाच अमेरिकेला अख्खा गेलो, लाल बटणासकट.