रुख्माबाईचं पान

बायको रुख्माबाई गेल्यावर पाचव्या दिवशी केवळरामने आपलं उष्टं ताट पहिल्यांदा नीट पाहिलं.

तोवर ताट म्हणजे जेवायच्या वेळी समोर येणारी आणि जेवण झालं की समोरून जाणारी गोष्ट होती. त्या दिवशी तो हात धुऊन, चूळ भरून परत आला तरी ताट तिथंच. चोखून टाकलेल्या शेंगांचा चोथा, चावून थुंकलेली मिरची, वरणात फुगलेला भात आणि त्या भातात त्याच्याच मिशीचा एक पांढरा केस. वर दोन माश्या. सून रश्मी आली. तिने दोन बोटांनी ताट कडेला धरलं, तोंड फिरवलं आणि सगळं गाईच्या टोपल्यात पालथं केलं. तिचं काही चुकलं नव्हतं. कोणीही तेच केलं असतं.

आणि रुख्माबाई बेचाळीस वर्षं त्याच ताटात जेवली होती.

केवळराम पाटावरून उठला की ती खाली जमिनीवर बसायची, चोथा बोटाने कडेला सारायची आणि भाताच्या भांड्यात, गंजात, उरलं असेल ते त्याच ताटात वाढून घ्यायची. ही त्या घराची रीत. त्याची आई तशीच जेवली, आजीही तशीच. केशोरी गावाच्या आसपास कित्येक घरांनी ही रीत केव्हाच सोडली. या घरातही धान कांडायची ढेकी गेली, गिरणीचा तांदूळ आला. चूल मागच्या पडवीत गेली, पुढे गॅस आला. शेणाने सारवायच्या जमिनीवर गुळगुळीत टाइल्स बसल्या. काशाचं ताट मोडीत जाऊन स्टीलचं आलं. रुख्माबाईला वेगळं ताट मात्र कोणी दिलं नाही, आणि तिनं मागितलं नाही. जेवताना केवळरामच्या तोंडून एकच शब्द निघायचा. "मीठ!" तो ऐकला की ती हातातलं टाकून धावत यायची.

त्या दिवसापासून केवळरामला स्वतःचा किळस यायला लागला. जेवायला बसला की आपल्याच चावण्याचा आवाज त्याला ऐकू यायचा.

तेरवीच्या आदल्या दिवशी अंगणात सगळे बसले होते. मोठा भाऊ गोवर्धन खुर्चीवर, मुलगा नीलेश बाजेवर, रश्मी दाराशी. त्या घरात तेरवीला मेलेल्या माणसाच्या आवडीचं पान आधी वाढतात, तुळशीपाशी ठेवतात. ते माणूस जेवून गेलं असं समजायचं, मग ते उष्टं पान गाईला द्यायचं आणि मगच पंगतीने जेवायचं. आवडीचं मिळालं नाही तर माणूस घरातून उपाशी जातं, असं केवळरामची आई सांगायची.

"पानावर का ठेवाचं मंग?" केवळरामने विचारलं.

"बुंदी," गोवर्धन म्हणाला. "रुख्मीले बुंदी लय आवडे."

"तुले कोनं सांगतलं?"

"कोन सांगाले पायजे? बुंदी कोनाले नाई आवडत?"

गोवर्धनचे समोरचे सहा दात पडले होते. गोडात त्याला तेवढीच चावता यायची.

नीलेशने मोबाईलमधून डोकं वर काढलं. "आईले खुरचन आवडे, बाबूजी. गंजाच्या बुडाची, करपलेली. रोज खाये."

"आनि बासा भात," रश्मी म्हणाली. ती गोंदिया शहरातली, तिच्या बोलण्यात अर्धी हिंदी. "सच में, मामाजी. मी कितीदा म्हनलं, आई, गरम घ्या ना. तं म्हनत, मले बासाच गोड लागते."

केवळरामने हात झटकला. "करपलेलं कोनाले आवडते बे? ते उरे म्हनून खाये ती."

"मंग तुमीच सांगा ना," नीलेश म्हणाला. "तुमाले त माहीत असन."

सगळे केवळरामकडे बघायला लागले. त्याने तोंड उघडलं. त्याला रुख्माबाईच्या हातचं वांगं आठवलं, लाखोळीची डाळ आठवली, कोहळ्याच्या वड्या आठवल्या. ते सगळं त्याच्याच आवडीचं होतं. त्याने तोंड मिटलं.

"बुंदीच ठेवू," गोवर्धन म्हणाला. "वरून कोन पाहून रायलं?"

केवळराम उठून गेला.

दुसऱ्या दिवशी फटफटलं तसा तो शेजारच्या प्रेमिलाच्या अंगणात उभा राहिला. दोन्ही घरांची एकच भिंत. प्रेमिला रुख्माबाईच्याच वयाची, दोघी एकाच साली सुना होऊन आलेल्या. ती अंबाडीचा पाला खुडत बसली होती. बांधापलीकडे कापणीला आलेलं धान दवाने वाकलं होतं.

"एक पुसाचं होतं, प्रेमिलाबाई."

"पुसा जी."

"तिले का आवडे खाले?"

प्रेमिलाचा हात थांबला. "आता पुसून रायले, भाऊजी? जिती होती तवा तोंडात गोटे भरले होते का?"

केवळराम तिथंच मातीत बसला. "बोल. जे बोलाचं ते बोल. पन सांग. आज तरी उपाशी नाई जाऊ द्याची तिले."

प्रेमिलाने हातातला पाला खाली ठेवला. मग ती सांदीत गेली आणि फडक्यात गुंडाळलेला जर्मनचा एक लहान गंज घेऊन आली. बुडाला काळा, कडेला चेपलेला.

"हा तिचा. आली त्या वरसापासून माह्या घरी आहे."

"याच्यात का रांधे?"

"झिंगे. सुकले झिंगे घालून अंबाडी. नवेगावच्या तलावाकाठची पोरगी ती. तिच्या बापाच्या घरी मासोळीबिगर घास नाई उतरे. आनि तुमच्या घरी सगऱ्यायच्या गळ्यात तुळशीची कंठी. तुमी पानी द्याले नहरावर गेले का ती येये. हे अशी पाय पसरून बसे. गरम गरम खाये. मंग बोटं चाटे."

"मले कधी वास नाई आला."

"कसा येईन? माती लावून दोनदा हात धुये, वरून लिंबाचा पाला चुरे." प्रेमिलाने फडकं झटकलं. "पन एकदा आला होता. इसरले?"

तो विसरला नव्हता. नीलेश तीन महिन्यांचा होता. पूस महिना, पौषाची थंडी. केवळराम जेवायला बसला, ती वाकून वाढत होती आणि त्याला तिच्या बोटांचा वास आला. त्याने ताट सरकवलं. "माय, हिच्या हाताले मासोळीचा वास येऊन रायला." एवढंच तो बोलला. आईने तिला विहिरीवर नेलं, अंगावरच्या लुगड्यासकट पाच बादल्या थंड पाणी ओतलं. आत पोर रडत होतं. केवळराम पाटावर बसून राहिला, आणि ती कुडकुडत आत आली तेव्हा उशीर झाला म्हणून तिच्यावर ओरडला. त्या दिवशीही ती त्याच ताटात जेवली.

"थू," केवळराम म्हणाला. कोणाला, ते प्रेमिलाने विचारलं नाही.

"झिंगे आहेत तुह्या घरी?"

"आहेत. देऊ का मीच करून?"

"नाई. मले सांग फक्त."

पडवीतली चूल तो जन्मात पहिल्यांदा पेटवत होता. धुराने डोळे भरले. गळ्यातली कंठी काढून त्याने खुंटीला लावली. झिंगे भाजायला टाकले तसा तो वास उठला. लहानपणापासून ज्या वासाला नाक दाबलं तोच. त्याने तोंडावर दुपट्टा बांधला, पण लगेच सोडून टाकला. भिंतीपलीकडून प्रेमिला सांगत होती. "आता लसून टाका. लाल होऊ द्या. आता पाला. हालवा ना जी, करपून रायला!" खालून थोडी अंबाडी करपलीच.

दुपारी मांडवात लोक बसले. तुळशीपाशी मोहाच्या पानांची पत्रावळ, तिच्यावर भात आणि ती काळपट भाजी.

गोवर्धनने नाक वर केलं. "वास कायचा येऊन रायला?"

"झिंग्याचा."

"तेरवीच्या पानावर?" गोवर्धन खुर्चीवरून उठलाच. "बाटवलं ना बे घर! माय वरून पाहून रायली असन!"

"पाहू दे. पुसात पाच बादल्या वतताना तिनं खाली नाई पाहिलं."

"लोक उठून जातीन!"

"जाऊ दे. बुंदी उरन ते तुले होईन."

पंगतीत कोणी तरी हसलं. चार जण खरंच उठून गेले. बाकीचे नाकाला रुमाल लावून बसून राहिले, कारण वाढपी बुंदीचं ताट घेऊन निघाला होता. रुख्माबाईच्या तेरवीला आलेली ती माणसं केवळरामने ओळीने पाहिली. गेलेले आणि बसलेले, त्याला सारखेच वाटले.

नीलेश जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबूजी, हे पान गाय खाईन का?"

"नाई खाये."

"मंग फेकाचं कुठं?"

"फेकाचं नाई." केवळराम तुळशीपाशी गेला. "हे तिचं उष्टं आहे. ती माह्या उष्ट्यात बेचाळीस वरसं जेवली. मी एक दिवस जेवतो."

"तुही कंठी?" गोवर्धन ओरडला.

"खुंटीले आहे."

रश्मीने घाईने पाट आणून ठेवला. केवळरामने तो हाताने बाजूला सारला आणि जमिनीवर बसला. पत्रावळ पुढे ओढली. करपलेला पाला बोटाने कडेला केला, भात कालवला आणि घास तोंडात घातला. आंबट, धुरकट. झिंग्याच्या मिशा टाळूला टोचल्या. त्याने गिळलं.

दुसऱ्या घासाला त्याच्या लक्षात आलं की भाजीत मीठच नव्हतं. ते प्रेमिलाने सांगितलं नाही आणि त्याला सुचलं नाही.

त्याचा हात जागीच थांबला. तोंड उघडलं. सवयीचा तो एक शब्द जिभेवर आला.

"काही पायजे का, मामाजी?" रश्मीने विचारलं.

केवळरामने नाही म्हणून मान हलवली, आणि अळणी भाताचा पुढचा घास उचलला.