सुई कुणाच्या हातात

नातीचं एक वागणं आजीला कुसळासारखं सलत होतं. हॉस्पिटलात नोकरी लागली, तरी पोरगी गल्लीतून मान खाली घालून चालायची, मागच्या दारानं घरात शिरायची, कामाचे कपडे स्वतःच धुऊन खोलीतच वाळत घालायची. नर्सचा गणवेश ही काय लपवायची चीज? इकडे आजीनं गल्लीभर डांगोरा पिटलेला, "आमची नात सिस्टर झाली!" आणि ही अशी, चोराच्या मनात चांदणं असल्यासारखी.

"काय गं, तिथं पगार मिळतो की मार?" आजीनं एकदा जेवताना विचारलंही.

"पगार," एवढंच बोलून नात ताटावरून उठली.

मग गुडघा सुजल्याचं निमित्त झालं आणि आजी घरात कुणाला न सांगता थेट त्याच हॉस्पिटलात गेली. औषध तर हवंच होतं, पण नातीचा रुबाब बघायचा होता, जमलं तर चार जणांना दाखवायचा होता. डॉक्टरांनी तपासून इंजेक्शन सांगितलं, वॉर्डातल्या कॉटवर बसवलं. नर्सच्या गणवेशात ट्रे घेऊन आली ती शेजारच्यांची धाकटी मुलगी, कालपरवापर्यंत नाक ओढत फिरणारी. तिच्या मागून, मळक्या चादरींचा गठ्ठा पोटाशी धरून, आजीची नात. अंगात मदतनीस बायकांचा राखाडी झगा.

"हे काय सोंग?"

"आजी, हळू बोल." नातीचे कान लाल झाले. "नवीन नर्स आता डिग्रीवाल्याच घेतात. माझा डिप्लोमा. म्हणून मदतनीस. वर्षभर नीट काम केलं की हेच लोक डिग्रीला पाठवणार आहेत. तोवर सुईला हात लावायचा नाही."

"घरातल्या उशांची चाळण केलीस टोचून टोचून, आणि हात लावायचा नाही?" धाकटीनं कापूस पुढे केला, तसा आजीनं दंड मागे घेतला. "टोचून घेईन तर हिच्याकडून. नाहीतर ही मी बसले."

"नको आजी. मला चालत नाही."

"मला नाही म्हणतेस? मला? तुझ्या बापाची हिंमत नाही झाली कधी!"

सगळा वॉर्ड माना वळवून बघायला लागला. धाकटी गडबडली. म्हातारी आणखी आवाज चढवेल या धास्तीनं तिनं ट्रे पुढे केला. "टोच गं पटकन. मी आहे ना इथं."

नातीनं गठ्ठा खाली ठेवला, हात धुतले. सुई कधी शिरली नि कधी निघाली, आजीला कळलंही नाही.

"बघा!" आजी वॉर्डाला म्हणाली.

वॉर्डानं बघितलं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या मोठ्या सिस्टरनंही बघितलं.

धाकटीला तिथल्या तिथं बोलणी बसली. डिग्रीवाली ती, डोळे पुसून पुढच्या कॉटकडे वळली. नातीला मात्र झगा उतरवून ठेवायला सांगितलं.

आजी लंगडत मोठ्या सिस्टरच्या मागे गेली. "मी म्हटलं म्हणून टोचलं हो तिनं."

"आजी, तुमच्या घरात तुमचा नियम. इथं इथला," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

रस्ताभर नातीनं आजीचा कोपर धरला होता. रडली नाही. एकदाच म्हणाली, "आता डिग्रीही गेली. आणि कुठंही गेले तरी पहिलं हेच विचारतील, आधीचं काम का सुटलं?"

गल्ली लागली, तशी या खेपेला आजीच मागच्या दाराकडे वळली. कडी काढता काढता थांबली, नातीकडे न बघताच बोलली,

"ऐक. चूक तुझी. माझी जीभ कशी आहे, तुला पाळण्यातून माहीत. एकदा नाही म्हणालीस ना, मग नाहीवरच राहायचं होतंस. घरच्या म्हातारीपुढे जिचं नाही टिकत नाही, तिच्या हातात कोण सुई देईल? मी तरी देणार नाही."