रिंगांमधलं अंतर

घनसावंगीतली मुलींची शाळा भूकंपात टिकावी म्हणून मजबुतीचं काम निघालं, तेव्हा हारुन मिस्त्री न बोलावताच बघायला गेले. तीस वर्षांपूर्वी ती इमारत त्यांनीच बांधली होती. आता प्रत्येक खांबाला नवं लोखंड बांधून वरून काँक्रीट चढणार होतं, आणि उन्हाच्या भिंतींवर जाळ्या ठोकून मधुमालतीचे वेल सोडायचे होते.

इंजिनिअर नाहिदनं एक खांब फोडून ठेवला होता. "चाचा, आतल्या उभ्या सळ्यांना आवळणाऱ्या रिंगा एकमेकींपासून फार लांब लांब आहेत. मोठा हादरा बसला असता तर खांब फुटला असता." हारुनचा चेहरा पाहून ती घाईनं म्हणाली, "जाऊ द्या. वेल वाढल्यावर कुणाला कळणारसुद्धा नाही."

हारुनना मात्र या बांधकामावर त्यांच्या हाताखाली असलेला मच्छिंद्र आठवला. "उस्ताद, रिंगा जवळ घ्या, लेकरं बसणार हायेत," असं तो तेव्हा म्हणाला होता. स्लॅबची घाई होती. "मला शिकवून राह्यला का?" म्हणत हारुननी त्याला सगळ्यांदेखत कामावरून काढलं. पुढं बोलणं तुटलं ते तुटलंच. चार वर्षांपूर्वी मच्छिंद्र वारला, तेव्हा हारुन मातीलाही गेले नाहीत.

त्याच दुपारी ते जीपनं कुंभार पिंपळगावला गेले. मच्छिंद्रच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, दार उघडलं.

"वहिनी, त्याचं बराबर होतं. मीच चुकलो."

दुर्गाबाई म्हणाली, "लई वर्षं वाट पाह्यली त्यांनी तुमची. आता मला सांगून काय व्हतंय, भाऊ? या, बसा."

हारुन आत गेले नाहीत; उंबऱ्याबाहेर पायरीवरच बसले.