विनाकारण घातलेली कुलपं

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. मी संगणकाच्या आत राहते. मी आहे एक तपासणी, आता बरीच जुनी झालेली. माणसं जो प्रोग्राम लिहितात तो मी वाचते आणि त्यात कुठे विनाकारण कुलूप घातलेलं दिसलं, तर लिहिणाऱ्याला सांगते, ‘हे काढा.’

प्रोग्रामात कसलं आलंय कुलूप, असं तुम्हाला वाटेल. वर्गातल्या फळ्यावर दोघं एकाच जागी लिहू लागले तर गिचमीड होते. म्हणून एकजण लिहीत असताना दुसऱ्याने थांबायचं. प्रोग्रामातही अशीच वेळ येते. तिथे दुसऱ्याला थांबवतं ते लॉक, म्हणजे कुलूप. ते हवंच. पण ज्या फळ्यावर कुणी लिहीतच नाही, सगळे नुसते वाचतात, तिथे एकाने दुसऱ्याला का अडवावं? अशी नको असलेली कुलपं शोधणं हेच माझं काम.

माझा जन्म एका मरणातून झाला.

मला घडवणारी सुमंगला गोव्यातल्या मये गावची. डिचोलीतल्या एका लहानशा कंपनीत ती प्रोग्राम लिहायची. तो होता रुग्णवाहिका बोलावण्याचा प्रोग्राम. फोन आला की जवळची रिकामी गाडी पडद्यावर दिसे आणि फोन घेणारा ती धाडून देई. एका पावसाळी सकाळी सुमंगलाच्या स्वतःच्या घरून तिथे फोन गेला. तिचे वडील सदाशिव यांच्या छातीत कळ आली होती. नेमके त्याच वेळी चहूकडून फोन आले आणि पडदा जागच्या जागी गोठला. गाडी जवळच्याच साखळी गावात रिकामी उभी होती, पण ती कुणाला दिसेना. सुमंगला फोन कानाला लावून अंगणात उभी. आत तिची आई चंद्रावती नवऱ्याची पाठ चोळत पुन्हा पुन्हा विचारत होती, “गाडी खंय पावली गो?”

गाडी आली तेव्हा सदाशिव गेले होते.

दिवसकार्य उरकून सुमंगला कामावर आली ती थेट त्या दिवसाचं कारण शोधायला बसली. ते सापडलंही. गावांची नावं प्रोग्राममध्ये एकदा भरली की बदलत नसत. तरीही ती वाचण्याआधी कुलूप घालायचं, असं कुणीतरी भीतीपोटी लिहून ठेवलं होतं. एका फोनचा नकाशा उघडेपर्यंत बाकीचे सगळे रांगेत ताटकळत. सुमंगलाने ते कुलूप काढलं. पण अशी आणखी किती असतील, उद्या आणखी कोण घालील, या विचाराने तिला चैन पडेना. म्हणून तिने मला लिहायला घेतलं.

घरी जेवणाच्या पानावरही ती माझाच विचार करी. आई म्हणे, “बाय, आधी दोन घास खा गो. त्या यंत्राक भूक नाय लागत, तुका लागता.”

“खातंय गे.”

“आणि ह्या करून बाबा परत येतले?”

सुमंगला मान खाली घालून भात कालवत राही.

सुरुवातीला मी फार वेडी होते. दिसेल त्या कुलपावर बोट ठेवी. एकदा मी गाडी नेमून देतानाचं कुलूपच काढायला सांगितलं. शेजारी बसणारा राजेश, हा मूळचा बेळगावकडचा, हसत म्हणाला, “ही तर सगळंच उघडं टाकायला निघाली!” सुमंगला हसली नाही. ते कुलूप काढलं असतं तर एकच गाडी दोन घरांना कबूल झाली असती. मग तिने मला शिकवलं, आधी सगळीकडे बघ. ती गोष्ट कुणी, कुठेतरी बदलतं का? कुणीच बदलत नसेल तरच बोल. मी चुकत गेले, ती सुधारत गेली. पुढे पुढे राजेशही म्हणू लागला, “बाई बोलली की ऐकावं. उगाच बोलत नाही ती.”

मित्रांनो, ती माझी चांगली वर्षं. पडदा पुन्हा गोठला नाही.

पण प्रोग्राम वाढला. सगळीकडे बघायचं म्हणून मला वेळ लागू लागला. माझं वाचून होईपर्यंत लिहिणाऱ्यांना थांबावं लागे. नवे साहेब गोकुळदास वैतागले. “माणसं चहा पिऊन परत येतात तरी तिची तपासणी चालूच! बंद करा सध्या.” सुमंगला तेव्हा रजेवर होती. आई अंगणात घसरून पडली होती, तिच्या उशाशी ती बसून होती. राजेश म्हणाला, “साहेब, सुमंगलाला विचारूया का?”

“कशाला? एक ओळ तर लिहायची आहे.”

राजेशने ती ओळ लिहिली. मी गप्प झाले.

त्यानंतर कुणीतरी इस्पितळांच्या नावांना कुलूप घातलं. तीही नावं कुणी बदलत नव्हतं. मला कुणी वाचायला बोलावलंच नाही.

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी पार्से गावातून धाकू नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. त्याची बायको विमला गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळा-पानांचं छत, बांधता बांधता कोसळली होती. तिचं तोंड वाकडं झालं होतं. सणाच्या गर्दीत फोनवर फोन येत होते. पडदा गोठला. गाडी जवळच पेडण्यात उभीच राहिली.

विमलाबाई वाचल्या. त्यांची वाचा गेली.

सुमंगला कामावर परतली, ते कुलूप आणि मला गप्प करणारी ओळ तिने शोधून काढली आणि राजेशला घेऊन ती पार्से गावी गेली. काय घडलं ते तिने धाकूला सगळं सांगितलं. तो खांबाला टेकून बसला. मग म्हणाला, “तुमी येवन सांगलात, बरा केलात. पण हिका आता काय सांगू?” परतताना राजेश गाडीत रडला. सुमंगलाने त्याला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, “मला एक फोन करायचा होतास रे.”

दुसऱ्या दिवशी गोकुळदासांनी स्वतःच ती ओळ खोडली. “मला वाटलं, नुसता वेळ वाचवतोय,” ते म्हणाले. सुमंगलाने मला नवी रीत शिकवली. आता मी जे बदललं तेवढंच आणि त्याच्याशी जोडलेलं तेवढंच वाचते. कुणाला फार थांबावं लागत नाही. हे आधीही करता आलं असतं.

मित्रांनो, सावध करणारा कुणी तुमच्याही आसपास असेल. कधी तो चुकेल, कधी वेळ खाईल, कधी त्याची कटकट वाटेल. त्याला शिकवा, सुधारा, हवं तर त्याच्याशी भांडा. पण त्याचं तोंड बंद करू नका.

विमलाबाई घरातल्या सगळ्यांना ओळखतात. नावं मात्र त्यांच्या ओठांवर येत नाहीत. नातीला बोलवायचं झालं की त्या हाताने पाट वाजवतात, आणि नात, कुठेही असली तरी, धावत येते.