घोड्याचा डावा गुडघा

शिडीवर चढलेल्या माणसाला स्वतःचं काम दिसत नाही. त्याचं नाक पाटीला टेकलेलं असतं. एकेक अक्षर सुरेख येतं, पण सगळी ओळ उतरली का चढली, ते त्याला कळायचं कसं? त्यासाठी रस्त्याच्या पलीकडे एक माणूस उभा लागतो. शहाद्यात दगा पेंटरचा तो माणूस मी. तीस वर्षं.

माझं सायकलचं दुकान एसटी स्टँडच्या अंगाला. पंक्चर, चेन, ब्रेक, जे येईल ते. दगाचं दुकान बरोबर समोर. मी चौथी शिकलो. पाचवीत गेलो होतो, पण मास्तर आणि मी, दोघं एकमेकाला कंटाळलो. तरी डोळा चांगला. वाकडं चाक मी लांबून ओळखतो, तशी वाकडी ओळपण ओळखतो. हातात ट्यूब, बादलीत पाणी, आणि तिथूनच ओरडायचो.

"दगा! तुन्हा वाघ बकरीसारखा दिखस रे!"

"तू वर ये नि काढ मंग!"

चार शिव्या द्यायचा, चिंधीनं पुसायचा, परत काढायचा. सगळा स्टँड ऐकायचा. रसवाला हसायचा, कंडक्टर हसायचे. ब्राह्मणपुरीच्या दूध डेअरीचा बोर्ड त्यानं असा तीन वेळा पुसला होता, त्यातली गाय मला गाभण वाटत होती म्हणून.

आमचा एकच नियम होता. रंग ओला आहे तोवर ओरडायचं. वाळल्यावर बोलला तर ती नालस्ती. आणि एखाद्या दिवशी मी काहीच बोललो नाही, तर दगा शिडीवरून उतरून यायचा.

"काय रे छगन, आज बोलस नही? राग उना का?"

गप्प बसणं म्हणजे राग. ओरडणं म्हणजे माणूस आपला. एवढं साधं होतं.

पुढे फ्लेक्स आलं, शिडी मागच्या भिंतीला लागली. मग साखरेनं दगाचे डोळे खाल्ले. आता त्याला उजेड दिसतो, आणि उजेडात कोणी हललं तर ते हललेलं दिसतं. बाकी काही नाही. दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसतो, आणि आत त्याची पोरगी दामिनी चित्रं काढते. एकुलती एक. हात बापाचा आणि डोकं बापाहून चांगलं, हे मी दगाच्या तोंडावर सांगितलेलं आहे. शाळांच्या भिंती रंगवते, लग्नाचे माठ रंगवते, आणि उरल्या वेळात स्वतःचं.

तिचं ते स्वतःचं एक चित्र. कळसाडीच्या सुगंधाबाईचं. ही बाई केळीच्या बागेत घड वाहते, डोक्यावर चुंबळ ठेवून बांधावरच्या गाडीपर्यंत. दामिनीनं चित्र पायरीवर उभं केलं आणि मला हाक मारली. "काका, देखा बरं!"

मी रस्त्यापलीकडून बघितलं.

"डोकावर घड शे का फुगा?"

"घड शे काका!"

"मंग वजन कोठे गये? बाई हासी ऱ्हायनी. इतला घड लिसन कोन हासस?"

पोरगी लालबुंद. दगा खुर्चीत खो खो हसायला लागला. मी म्हटलं, "कळसाडीले जाय. घड सोताना डोकावर ठेव. वीस पावलं चाल. मंग काढ."

गेली खरंच. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी मान धरून आली. "काका, मान आखडनी." आणि बसून तिनं ती मान परत काढली. काय सांगू तुम्हाला. मानेची शीर, दाबलेला खांदा, एक डोळा बारीक झालेला. घडावर तर तिनं रंगाचे इतके थर दिले होते की केळं हाताला लागावं. मी पलीकडे उभा राहिलो आणि माझीच मान दुखायला लागली.

"कसं शे रे?" दगानं विचारलं.

"जड शे," मी म्हटलं. दगानं हात जोडले, कोणाला ते माहीत नाही.

आता ते फोनचं. फोनवर चित्रकारांचा एक ग्रुप आहे, कुंचला परिवार म्हणून. हजारो माणसं. कोणी चित्र टाकलं की बाकीचे खाली लाल बदाम देतात. महिनाभरात ज्याला सगळ्यात जास्त बदाम, त्याचं चित्र नाशिकला हॉलमध्ये लागतं. खरोखरच्या भिंतीवर, वर दिवा, आणि खाली नावाचं कार्ड. दगाच्या मनात ते कार्ड बसलं होतं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांची नावं लिहिली होती. मेडिकलची, हॉटेलची, उमेदवारांची. "मन्ही पोरनं नाव भिंतवर लागाले पाहिजे, छगन," म्हणायचा. "माले दिखनार नही. तू वाचीसन दखाड."

दामिनीनं सुगंधाबाई टाकली. चौदा बदाम.

मग तिला तिथली रीत कळली. चित्र चांगलं असून भागत नाही. रोज दुसऱ्यांच्या चित्राखाली जायचं, 'अप्रतिम' लिहायचं, बदाम द्यायचा, मग ते आपल्याकडे येतात. पोरीनं तीन आठवडे तेच केलं. एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात फोन. बदाम दोनशे बाराला गेले. पहिला नंबर तिच्यापेक्षा नऊ बदामांनी पुढे होता, आणि चार दिवस उरले होते.

"काका, तुम्ही बी ग्रुपमा या."

"मन्हं काय काम तठे?"

"दुसरास्ना चित्रखाले काहीतरी लिखा. मंग त्या आपलाकडे येतस."

तिनंच माझं नाव टाकलं. माझा फोटो लावला, हातात पाना असलेला, आणि खाली लिहिलं: 'हे माझे छगनकाका, माझे पहिले परीक्षक.' मला परीक्षक म्हटलेलं बघून माझी बायको दोन दिवस हसत होती.

त्या दिवशी ऊन कडक होतं, गिऱ्हाईक नव्हतं. मी बसलो आणि चित्रं बघितली. चाळीस चित्रं बघितली असतील, एकेक नीट, फोन लांब धरून, रस्ता ओलांडल्यासारखा. आणि प्रत्येकाखाली जे दिसलं ते लिहिलं. एका बाईनं हंडा काढला होता, तो सांडत होता पण ओलं काही नव्हतं. ते सांगितलं. एकाचं झाड छान होतं, त्याला म्हटलं, बाबा झाड बेस, पण सावली दुसऱ्याच झाडाची आणलीस. वरवरचं नाही करायचं ना काम. पोरीसाठी करत होतो.

तिथं एक अमृत सर आहेत. ग्रुप त्यांनीच काढलेला, नाशिकचा हॉल तेच बघतात. त्यांनी पळता घोडा टाकला होता. दोन हजार बदाम. खाली अप्रतिम, अप्रतिम, अप्रतिम, पाऊस नुसता. मी बघितला घोडा. आता आम्ही सारंगखेड्याच्या बाजारात लहानपणापासून घोडे बघणारी माणसं. घोड्याचं पोट पण बघतो आणि दात पण. मी लिहिलं:

'सर घोडा जोरदार. फक्त पुढचा डावा गुडघा मागच्या पायासारखा उलटा मुडपला आहे. असा घोडा तोंडावर पडेल. सारंगखेड्याला या, चांगला घोडा दाखवतो. जेवण माझ्याकडे.'

थोड्या वेळात सरांचं उत्तर आलं. 'मार्गदर्शनाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद काका', आणि पुढे जोडलेले हात.

मी खूश. म्हटलं, मोठा माणूस आहे, समजदार आहे. लगेच रस्ता ओलांडून दगाला सांगितलं. दगापण खूश. "आते सर सोता बदाम देई," म्हणाला.

मग मी सरांची अजून दोन जुनी चित्रं शोधून काढली आणि त्यांच्यातपण एकेक चूक सांगितली.

सकाळी दुकान उघडलं तर दामिनी माझ्या पायरीवर बसलेली. फोन मांडीवर.

"काका, तुम्ही काय लिखं?"

"जे दिखनं ते लिखं."

तिनं फोन पुढे केला. सुगंधाबाईखाली एकशे एकसष्ट. मी म्हटलं, काल दोनशेवर होते ना? तेव्हा मला कळलं की दिलेला बदाम परत घेता येतो. आमच्याकडे कोणी चहा पाजला तर तो परत मागत नाहीत.

"कोनी काय बोलनं का तुले?"

"कोनीच काही बोलत नही काका. तेच तर."

एक मयूरी नावाची मुलगी होती धुळ्याची, तिनं तेवढं बाजूला चिठ्ठीसारखं लिहून कळवलं होतं. दामिनीनं वाचून दाखवलं. 'तुझ्या काकांनी सरांचा अपमान केला असं चाललंय. मी पण बदाम काढला ग. राग मानू नकोस, मला पुढच्या महिन्यात उभं राहायचंय.'

"पन सरनी धन्यवाद लिखं!" मी म्हटलं. "हात जोडात!"

"काका, त्या हातना अर्थ तसा नही ऱ्हास."

"मंग तठे चुकेल कोन सांगस?"

"कोनी नही."

"मंग सुधरतस कसा?"

ती माझ्या पाण्याच्या बादलीत बघत बसली.

दुपारी एकशे दहा. संध्याकाळी शहाण्णव. मी म्हटलं, पुसून टाकू माझं सगळं. तिनं पुसलं, पण लोकांनी त्याचे फोटो काढून ठेवले होते आणि दुसरीकडे फिरवत होते. रंग वाळला होता. मग तिनं माझ्या नावानं लिहिलं, हळूहळू, एकेक अक्षर: 'सर, घोडा बरोबर आहे. माझ्या नजरेची चूक झाली. क्षमा असावी.' फोन माझ्याकडे दिला. "तुम्ही दाबा काका. मी नही दाबत."

मी दाबलं.

त्याला सरांनी बदाम दिला. सुगंधाबाईला नाही दिला. महिना संपला तेव्हा तिच्याखाली अठ्ठ्याऐंशी होते, आणि नाशिकला कोणाचातरी सूर्यास्त गेला.

दगाला काय सांगायचं? मी सांगितलं, थोडक्यात हुकलं. तो म्हणाला, "काय चुकनं तिन्हं? मान चुकनी का?" मी म्हटलं, "नही रे, मान बरोबर शे." हे त्याला कळेना. चुकलं नाही तर हुकलं कसं, असं तीन दिवस विचारत होता.

दत्तजयंतीला मी सारंगखेड्याला गेलो. घ्यायचं काही नव्हतं. रांगेनं उभ्या घोड्यांचे पुढचे डावे गुडघे बघत फिरलो. एकानं हटकलं, "ओ भो, घोडा लेनार का नुसता पाय?" मी पुढे सरकलो. गुडघे सगळे मी म्हटलं होतं तसेच वळत होते.

दामिनी शहाणी झाली. मला म्हणाली नाही काही, पण चित्रं पायरीवर आणायची बंद झाली. आतच काढायची, आतच फोटो. मला रस्त्यापलीकडून तिची पाठ दिसायची. दगानं एकदोनदा हाक मारली, "छगन, आज वरडत नही तू?" मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे.

मग तिनं नथवाली काढली. मोठे डोळे, अर्धा चेहरा, नथ, मागे मोरपीस. ग्रुपमध्ये तशा शंभर आहेत. ही एकशे एकावी. महिन्यात नऊशे बदाम. अमृत सरांनी लिहिलं, 'उत्तम प्रगती'. नाशिकचं ठरलं, कार्ड ठरलं, तारीख ठरली.

पाठवायच्या दिवशी दुपारी तिनं चित्र पायरीवर आणलं. पुष्कळ महिन्यांनी. बाजूला पुठ्ठा, सुतळी, गोणपाट. मी चेन बसवत होतो.

"काका!" तिनं हाक मारली. "देखा बरं. नथना मोती आजून ओला शे."

मी उठलो. हात पुसले. बघितलं.

ऊन तिरपं पडलं होतं, आणि तिरप्या उन्हात कॅनव्हास लपत नाही. नथवालीच्या कपाळावर, मोरपिसाच्या मागून, रंगाखाली उंचवटे दिसत होते. एकाखाली एक, फणीसारखे. तो घड होता. नवा कॅनव्हास न आणता पोरीनं सुगंधाबाईवरच हा चेहरा चढवला होता. त्या गुळगुळीत कपाळात सगळा घड तसाच होता, आणि खाली मान होती ती बाहुलीची. त्या मानेवर काही ठेवलं असतं तर मोडली असती.

दगानं हात पुढे करून चित्र चाचपलं. बोटं वरच्या अंगाला थांबली.

"हाई काय शे, दामिनी?"

"जुना रंग शे, आबा."

"इतला जाड?"

ती बापाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, रस्त्यापलीकडे. मोती ओला होता. मी ओरडलो असतो तर तिनं चिंधी घेतली असती, असं मला त्या क्षणी वाटलं. कपाळापासून सगळं पुसलं असतं कदाचित. आणि कार्ड गेलं असतं, नाशिक गेलं असतं, तिथल्या हजारो माणसांत तिला परत चौदावरून उभं राहावं लागलं असतं. एकदा माझ्या तोंडापायी तिचं काय झालं ते मी बघितलं होतं.

मधून नंदुरबारची गाडी गेली. धूळ खाली बसली. ती अजून उभीच.

"अप्रतिम!" मी ओरडलो.

दामिनीनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग खाली बसली आणि पुठ्ठा घडी करायला लागली. मोती वाळेपर्यंतपण थांबली नाही.

दगा खुर्चीतून उठला. शिडीवरून उतरायचा तसा पायरी चाचपत उतरला, रस्त्याच्या कडेला आला आणि माझ्या दुकानाच्या अंदाजानं तोंड करून उभा राहिला.

"काय रे छगन," म्हणाला, "राग उना का तुले?"

मी चेन परत हातात घेतली. एक कडी बसत नव्हती.